गॅरंड रायफल आणि सातव्या काडतुसाचे कोडे

चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढचे काडतूस आपोआप नळीच्या मागील चेंबरमध्ये येऊन बसते, अशा शस्त्राला अर्धस्वयंचलित रायफल म्हणतात. वाचायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात नव्याने तयार झालेल्या अशा रायफलीची पहिली तक्रार बहुधा काडतूस पुढे सरकण्याबाबतच असते. ते वाकडे शिरते, मध्येच अडते किंवा बोल्ट त्याच्यावरून रिकामाच पुढे जातो. मग दोष रचनेत आहे, काडतुसात आहे की कारखान्यात, हा वाद सुरू होतो. अमेरिकेच्या ‘एम-१ गॅरंड’ रायफलीच्या बाबतीत हा वाद दुसरे महायुद्ध भडकले असतानाच उभा राहिला होता.

जॉन गॅरंड यांचा जन्म १८८८ चा, कॅनडातील क्वेबेक प्रांतातला. १९१९ पासून ते मॅसेच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात काम करीत होते. त्यांची रायफल अमेरिकी लष्कराने जानेवारी १९३६ मध्ये स्वीकारली. त्या काळी जगातील बहुतेक पायदळांच्या हाती प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागणारी रायफल होती. साहजिकच गॅरंडकडून अपेक्षा मोठ्या होत्या. यंत्रांवरील उत्पादन सप्टेंबर १९३७ मध्ये सुरू झाले, तेव्हा दिवसाला अवघ्या दहा रायफली बनत. दोन वर्षांत हा आकडा शंभरावर गेला.

क्लिप आणि तिचा आधार

गॅरंडमध्ये आठ काडतुसे पोलादी क्लिपमध्ये बसवून ती क्लिप काडतुसांसकट वरून रायफलीत दाबली जाते. काडतुसे दोन रांगांत, एकाआड एक अशी रचलेली असतात. गोळी सुटली की स्फोटाच्या वायूचा काही भाग दांड्याला मागे ढकलतो. दांडा बोल्टला फिरवून मागे नेतो आणि रिकामे कवच बाहेर फेकले जाते. परतताना स्प्रिंगच्या जोरावर पुढे येणारा बोल्ट क्लिपमधील सर्वात वरचे काडतूस ढकलून चेंबरमध्ये बसवतो. खालून एक पट्टी उरलेल्या काडतुसांना सतत वर रेटत असते. आठवी गोळी झाडली की रिकामी क्लिप खणकन बाहेर उडते.

म्हणजे काडतूस सरळ शिरण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. बोल्ट पुरेसा मागे जायला हवा, खालचा रेटा योग्य हवा आणि क्लिप जागेवरून हलता कामा नये. तिसऱ्या गोष्टीची जबाबदारी रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात मागेपुढे सरकतो त्या सांगाड्याच्या, आतील कडांवर असते.

उत्पादन वाढल्यावर १९३९-४० च्या सुमारास तक्रारी येऊ लागल्या, त्या एका विशिष्ट आकड्याच्या. पहिली सहा काडतुसे सुरळीत जात आणि सातवे अडकत असे. आकडा विचित्र खरा, पण निदानाच्या दृष्टीने सोयीचा. वंगण, घाण किंवा कमकुवत दारू यांचा दोष असता तर अडथळा कुठल्याही काडतुसाला आला असता. ठरावीक जागीच रायफल अडते, याचा अर्थ त्या क्षणी क्लिपमधील स्थितीतच काही बदलते. सातव्या काडतुसाच्या वेळी क्लिपमध्ये दोनच काडतुसे उरलेली असतात आणि आठांच्या गठ्ठ्यामुळे तिला मिळणारी स्थिरता संपलेली असते.

आणखी एक धागा होता. गॅरंड यांच्या देखरेखीखाली कारागिरांनी हाताने बनवलेल्या सुरुवातीच्या नमुन्यांत हा दोष दिसला नव्हता. रचना तीच, मग फरक कुठे? दोन्ही रिसीव्हरांची तुलना झाली तेव्हा उत्तर मिळाले. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनासाठी यंत्रकाम सोपे करताना क्लिपला आधार देणारी आतील कड थोडी कापली गेली होती. आधार तुटल्याने जवळजवळ रिकामी झालेली क्लिप कलत होती आणि काडतुसाचे टोक चेंबरऐवजी भलतीकडे जात होते. पुढील उत्पादनात ती कड पूर्ववत ठेवली गेली. आधीच्या रिसीव्हरांमध्ये वेल्डिंगने धातू भरून ती पुन्हा घडवण्यात आली. जुन्या गॅरंडचे संग्राहक आजही रिसीव्हरच्या आत या वेल्डिंगची खूण शोधतात.

वायू, पाऊस आणि राजकारण

याच काळात वायू घेण्याची पद्धतही बदलण्यात आली. आधी नळीच्या तोंडाशी बसवलेल्या टोपणात वायू अडवला जाई. १९४० पासून नळीलाच छिद्र पाडून तो घेतला जाऊ लागला आणि जुन्या रायफली परत मागवून सुधारण्यात आल्या. या सगळ्याचा फायदा प्रतिस्पर्ध्यांनी घेतला नसता तरच नवल. मरीन कोअरच्या राखीव दलातील अधिकारी मेल्विन जॉन्सन यांची रायफल गॅरंडला पर्याय म्हणून पुढे आली आणि १९४० मध्ये हा वाद थेट अमेरिकी संसदेत गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस मरीन कोअरने सॅन दिएगो येथे चाचण्या घेतल्या. चिखल-वाळूत जुनी बोल्टची रायफल अधिक भरवशाची ठरली; पण अर्धस्वयंचलित रायफलींमध्ये गॅरंड सरस निघाली आणि मरीन कोअरनेही तीच घेतली. मुसळधार पावसात तेल धुपून बोल्ट जड होतो, हेही चाचण्यांत दिसले. त्यावर पातळ तेलाऐवजी घट्ट ग्रीस वापरण्याचा साधा उपाय निघाला.

क्लिप गेली, मॅगझिन आले

पुढे रायफलींत क्लिपची जागा काढता-घालता येणाऱ्या मॅगझिनने घेतली, तशी काडतूस अडण्याची कारणेही तिकडे सरकली. मॅगझिनचे ओठ जरा वाकले किंवा स्प्रिंग मंदावली, तरी काडतूस योग्य उंचीवर येत नाही. म्हणूनच शस्त्र दुरुस्त करणारे आधी मॅगझिन बदलून पाहतात. दोष मॅगझिनबरोबर जातो की रायफलीतच राहतो, हे कळले की शोधाचे क्षेत्र निम्मे होते. ब्रिटनची ‘एल-८५’ रायफल १९९१ च्या आखाती युद्धानंतर बदनाम झाली. २००० पासून तिची व्यापक सुधारणा झाली, तेव्हा आतील सुट्या भागांबरोबर मॅगझिनही नवे देण्यात आले.

भारताचा अनुभव याहून वेगळा नाही. पुण्याच्या पाषाण भागातील ‘एआरडीई’ या संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेली इन्सास रायफल १९९९ च्या कारगिल युद्धात बर्फाळ उंचीवर वापरली गेली. तेथील थंडीत तिच्या प्लॅस्टिकच्या मॅगझिनला तडे जात असल्याच्या तक्रारी आल्या. सपाटीवरील चाचण्यांत शून्याखालचे तापमान कुठून मिळणार? कडाक्याच्या थंडीत प्लॅस्टिक ठिसूळ होते आणि तडा गेलेले मॅगझिन काडतुसाला नेमक्या जागी धरून ठेवू शकत नाही.