एसेमेसची शिरगणती

गाण्याच्या एका स्पर्धेने प्रदेशाचे राजकारण फिरवले, असे कुणी सांगितले तर आपण हसू. पण २००७ साली दार्जिलिंगच्या डोंगरात तसे घडले. लोक रिअ‍ॅलिटी शो का पाहतात, याची नेहमीची उत्तरे आपल्याला ठाऊक आहेत. दुसऱ्याच्या घरात डोकावण्याची हौस असते, आपल्यासारखाच एखादा पोरगा मोठा होताना पाहण्याचे सुख असते. २००५ साली अभिजीत सावंत पहिला ‘इंडियन आयडॉल’ झाला, तेव्हा मराठी घरांतून ते सुख अनुभवाला आलेच होते. दार्जिलिंगचे उत्तर मात्र वेगळे आहे, आणि आम्हा सीमाभागातल्या माणसांना ते चटकन कळावे.

स्पर्धेच्या तिसऱ्या पर्वात प्रशांत तमांग नावाचा गोरखा तरुण होता. वडील कोलकाता पोलिसांत. त्यांच्या निधनानंतर मुलगा तिथेच शिपाई म्हणून लागला आणि पोलिसांच्या ऑर्केस्ट्रात गाऊ लागला. अंतिम फेरीत त्याच्यासमोर शिलाँगचा अमित पॉल उभा राहिला. गळा अमितचा अधिक तयार होता, असे माझे मत. पण निकाल एसेमेस करणाऱ्यांच्या हाती होता आणि एकाने कितीही मते द्यावीत, अशी मोकळीक होती. डोंगरात गावोगाव समर्थकांची मंडळे निघाली, वर्गण्या जमल्या. २३ सप्टेंबरला तमांग जिंकला. एकूण सुमारे ७ कोटी मते पडल्याचे सांगण्यात आले.

एवढा जीव लोकांनी का टाकला? मला वाटते, ‘आयडॉल’पेक्षा त्याआधीच्या ‘इंडियन’ या शब्दासाठी. पिढ्यान्‌पिढ्या चहाच्या मळ्यांत राबलेल्या, पलटणीत लढलेल्या या माणसांना मैदानी मुलखात अजून परदेशी समजतात, नाहीतर चौकीदार. १९८६ ते ८८ या काळात वेगळ्या गोरखालँडसाठी आंदोलन झाले, त्यात १,२००हून अधिक माणसे गेली आणि हाती आली एक पर्वतीय परिषद. १९९२ साली नेपाळी भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. (आपल्या शेजारची कोकणीही त्याच दुरुस्तीने आली.) भाषेला जागा मिळाली, तरी माणसाचा परकेपणा सुटेना. आणि आता सगळा देश त्यांच्या पोराला ‘इंडियन’ म्हणणार होता! आडनाव वाचून मत देण्याची सवय आपल्याकडे काही कमी नाही; त्यामागचे दुखणे आपण जाणतो.

जिंकल्यावर दिल्लीतील एका एफएम केंद्राचा निवेदक थट्टेने बोलला, की नेपाळी माणूस गायक झाला तर आता रात्रीची राखण कोण करणार? २८ सप्टेंबरला सिलिगुडीत त्याच्या निषेधाचा मोर्चा निघाला, दंगल उसळली, संचारबंदी लागली, सैन्य बोलवावे लागले.

शिलाँगमध्ये नेमके उलटे झाले. तिथे १९७९पासून खासी आणि बाहेरचे, विशेषतः बंगाली, यांच्यात अनेकदा रक्त सांडले होते. त्याच शहरात खासी पोरे एका बंगाली मुलासाठी मते गोळा करत हिंडली. मुख्यमंत्री लपांग यांनी अमितला शांतता आणि सलोख्याचा राज्यदूत नेमले.

दार्जिलिंगमध्ये परिषदेचे प्रमुख सुभाष घिसिंग या उत्साहापासून दूर राहिले. सहाव्या अनुसूचीच्या प्रश्नावरून लोक त्यांच्यावर आधीच नाराज होते. त्यांचेच एक सहकारी विमल गुरुंग तमांगच्या प्रचारात पुढे झाले. ७ ऑक्टोबर २००७ रोजी गुरुंग यांनी गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापला, तेव्हा गावोगावच्या मंडळांची साखळी तयारच होती. मार्च २००८मध्ये घिसिंगना पद सोडावे लागले. तमांग सिनेमाकडे वळला. २०१० साली ‘गोरखा पलटन’ या नेपाळी चित्रपटात त्याने नायकाचे काम केले. जुलै २०११मध्ये परिषदेच्या जागी नवे प्रशासन आणण्याचा करार सरकारशी झाला. त्यावर सही करणारा पक्ष तेव्हा पुरता चार वर्षांचाही नव्हता.