वशिला, ओळख आणि वर्गबंधू

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत पाहुण्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो: तुमच्या घराण्यातले पहिले इथे कोण आले, आणि कोणाच्या ओळखीने? दुसऱ्या भागाचे उत्तर बहुधा ठरलेले असते. कोणाचे मामा खासगीत होते, कोणाचे सासरे कचेरीत, कोणाचा गाववाला पागेत. गायकवाडीत आपली मंडळी आली आणि रुजली, त्यात नात्यागोत्याचा वाटा मोठा आहे. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॉलेजे निघाली, आणि ओळखीचा एक नवाच प्रकार जन्माला आला: वर्गबंधू, गुरुबंधू, एका वसतिगृहातला सोबती. हा माणूस सोयरा नसतो, भाऊबंद नसतो. वर्षावर्षात त्याची भेटही होत नाही. तरी आपल्या इतिहासातली काही मोठी माणसे त्यांच्या जागी पोचली ती अशाच माणसामुळे. आमच्या नातवंडांच्या पिढीला नोकरी शोधताना 'माजी विद्यार्थ्यांशी संपर्क ठेवा' असे सांगितले जाते, तेव्हा ते काहीतरी परदेशी तंत्र आहे असे वाटते. ते तसे नाही.

सगळ्यांत स्पष्ट उदाहरण धोंडो केशव कर्व्यांचे. कर्वे मुरुडचे. परिस्थितीमुळे आणि लांबच्या शाळांमुळे त्यांचे शिक्षण उशिराने झाले. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन ते बी.ए. झाले, तेव्हा वय २६. त्याच वर्षी त्याच कॉलेजातून बी.ए. झालेला एक मुलगा अवघा १८ वर्षांचा होता: गोपाळ कृष्ण गोखले. पुढे दोघांच्या वाटा फुटल्या. गोखले पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीत गेले, कर्वे मुंबईतच राहून मुलींच्या शाळांत आणि मराठा हायस्कुलात शिकवत, शिकवण्या करत संसार चालवू लागले.

१८९० मध्ये टिळकांनी सोसायटी सोडली. टिळक फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत, त्यामुळे ती जागा मोकळी झाली. गोखल्यांना तर गरजेप्रमाणे इंग्रजी, गणित, इतिहास असे वाटेल ते विषय शिकवावे लागत. 'मागाल तो विषय शिकवणारे प्राध्यापक' अशी त्यांची थट्टाही होई. गणिताला कायमचा माणूस हवा होता. गोखल्यांनी १८९१ मध्ये मुंबईला पत्र घातले, ते आपल्या जुन्या वर्गबंधूला. कर्वे एम.ए. नव्हते, नाव असलेले नव्हते, पुण्यात त्यांच्या शब्दाला वजन देणारे कोणी नव्हते. गोखल्यांच्या लक्षात एवढेच असणार की आपल्या वर्गात या माणसाचे गणित पक्के होते, आणि तो मुकाट्याने काम करणारा आहे. कर्वे पुण्याला आले आणि १९१४ पर्यंत फर्ग्युसनमध्ये शिकवत राहिले.

इथे कोणी म्हणेल, दोघेही कोकणस्थ, दोघेही रत्नागिरी जिल्ह्याचे, मग हा वशिलाच की. आक्षेप खोटा नाही. त्या काळच्या कॉलेजांत शिरणारे विद्यार्थी ज्या समाजांतून येत, तेच पाहिले तर वर्गाची ओळख आणि जातीची ओळख वेगळी काढणे अवघड जाते. पण १८९३ साली ती वेगळी निघाली. पत्नी वारल्यावर कर्व्यांनी आपल्या मित्राच्या विधवा बहिणीशी, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी लग्न केले. मुरुडने त्यांना वाळीत टाकले. जात आणि गाव या दोन्ही ओळखी एका फटक्यात तुटल्या. फर्ग्युसनमधली जागा मात्र राहिली. त्या जागेच्या पगारावर उभे राहून कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि पुढे १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. गोखल्यांच्या पत्राचा विचार करताना मला हे नेहमी आठवते.

अमेरिकेतल्या मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांना विचारले, जागेची बातमी तुम्हाला कोणी दिली? ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती त्यांच्यात, बातमी देणारा माणूस वारंवार भेटणारा होता असे सांगणारे शंभरात जेमतेम १७ निघाले. ५५ हून अधिक जणांना ती अधूनमधून भेटणाऱ्याकडून मिळाली होती, आणि जवळजवळ २८ जणांना क्वचितच भेटणाऱ्याकडून. असा माणूस पुष्कळदा कॉलेजातला जुना सोबती किंवा पूर्वीचा सहकारी असे. कारण साधे आहे. रोज भेटणाऱ्यांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊकच असते. पुण्यात गणिताची जागा रिकामी आहे हे मुंबईतल्या शिकवण्यांच्या वर्तुळात कर्व्यांच्या कानी कोण घालणार होते?

आता आपल्या गावाकडे वळू. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने कलाभवन निघाले. त्यामागचे डोके बडोदा कॉलेजातले रसायनाचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांचे. (मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला १८९६ साली डांबर फासले गेले, ते डाग ज्यांनी काढून दाखवले तेच हे गज्जर. डांबर फासणारे चापेकर आपले, डाग काढणारे गज्जरही आपले. बडोदेकराने यावर काय म्हणावे ते ज्याने त्याने ठरवावे.) कलाभवनात रंगकाम, यंत्रकाम, चित्रकला असे हाताला काम देणारे विषय होते. दादासाहेब फाळके सिनेमात जाण्याच्या कितीतरी आधी इथे शिकून गेले. गज्जर पुढे मुंबईला गेले आणि गिरगावात त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा काढली. तिथल्या शिष्यांपैकी कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी गुरूंच्या साथीने १९०७ मध्ये अलेंबिक उभी केली. एक मराठी, एक गुजराती, आणि दोघांना जोडणारा धागा म्हणजे एका गुरूच्या हाताखाली केलेले प्रयोग. अलेंबिकच्या भोंग्यावर ज्यांच्या घरचे घड्याळ चालले, अशी कुटुंबे आपल्या मंडळात आजही आहेत.

याच शहराने दुसरी बाजूही पाहिली आहे, आणि ती स्मरणिकेत लिहायला संकोच वाटू नये. भीमराव आंबेडकरांना सयाजीरावांकडे नेले ते कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी. केळुसकर विल्सन हायस्कूलचे, आंबेडकर एल्फिन्स्टनचे. म्हणजे ते त्यांचे शाळेतले गुरुजीही नव्हते. बागेत पुस्तक वाचत बसणारा मुलगा त्यांच्या नजरेत भरला, एवढीच ओळख. त्या ओळखीतून महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती आली, आणि १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जाण्याची संधी. दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी करण्याचा करार होता. तो पाळायला आंबेडकर १९१७ मध्ये इथे आले, तेव्हा महाराजांचा आश्रय आणि कोलंबियाची पदवी दोन्ही जवळ असूनही त्यांना या शहरात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन स्नेह्यांकडे विचारले, दोघांनाही जमले नाही. कमाटीबागेत संध्याकाळ काढून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली.

यानंतरचा भाग कमी सांगितला जातो. १९२० मध्ये अर्धे राहिलेले शिक्षण पुरे करायला आंबेडकर लंडनला निघाले, तेव्हा सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून साठवलेले पैसे आणि शाहू महाराजांची मदत पुरत नव्हती. ५००० रुपये उसने दिले नवल भथेना यांनी. भथेना पारशी, आणि कोलंबियाच्या वसतिगृहातले आंबेडकरांचे सोबती. तीन वर्षांपूर्वी बडोद्यात हातात लाठी घेऊन उभे राहिलेलेही पारशीच होते. फरक एवढाच की त्या जमावाने आंबेडकरांना कधी अभ्यास करताना पाहिले नव्हते, आणि भथेनांनी रात्र रात्र पाहिले होते.

म्हणून वशिला आणि ही ओळख यांची गल्लत करू नये असे मला वाटते. वशिल्याचा माणूस कोणाचा कोण ते सांगतो; वर्गबंधू तुम्ही काय करू शकता ते सांगू शकतो, कारण त्याने ते पाहिलेले असते. अर्थात त्याने ते पाहिलेले असावे लागते. आजकाल मुले एकच मजकूर विद्यापीठाच्या दोनशे माजी विद्यार्थ्यांना धाडतात, 'जागा असल्यास कळवावे'. दोनशेंपैकी एकालाही त्यांचे काम ठाऊक नसते, मग तो कळवणार काय? उलट, आपण ज्या विभागात शिकलो तिथलेच, आपल्याला हव्या त्या कामात असलेले पाच-सहा जण निवडावेत. आपण कोणाचे विद्यार्थी, कोणता प्रकल्प केला, हे दोन ओळींत लिहावे. नोकरी न मागता त्या कामाबद्दल एखादा नेमका प्रश्न विचारावा: तुमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या वर्षी काय करावे लागते, आमच्या अभ्यासक्रमात त्यातले काय शिकवले जात नाही? अशा प्रश्नाला बहुतेक जण उत्तर देतात, आणि विचारणारा लक्षात राहतो. आपल्या गुरूंनाही कळवून ठेवावे, कारण कंपन्या माणूस शोधताना पुष्कळदा आधी त्यांनाच विचारतात.

दर गणेशोत्सवात आपण गुणवंत मुलांचा सत्कार करतो आणि त्यांची टक्केवारी छापतो. त्याच पानावर, मूल कोणत्या कॉलेजात कोणत्या विषयाला गेले तेही छापावे, आणि त्या विषयात शिकून गेलेल्या आपल्या जुन्या सभासदांची यादी, त्यांच्या संमतीने, कार्यालयात ठेवावी. कलाभवनात आणि पुढे १९४९ पासून महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले लोक आपल्यात कमी नाहीत. त्यांतले कित्येक निवृत्त होऊन घरी बसले आहेत, आणि कोणी काही विचारायला येत नाही अशी त्यांचीच तक्रार आहे.