दुसऱ्या राज्यातून आलेल्या शिक्षिका: बीएड चालतं, टीईटीचं काय?

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. आजही आपले रिश्ते हैदराबाद, बिदर, गुलबर्ग्याकडे होतात. निकाहानंतर छत्रपती संभाजीनगरात आलेल्या मुलींच्या घरचे आम्हाला विचारतात, "सूनबाई तिकडे शिकवत होती. तिचं लायसन्स इकडे ट्रान्सफर होईल का?"

आपल्या देशात शिक्षकाचं असं लायसन्स नसतं. पाहिली जाते ती पदवी आणि पात्रता परीक्षा.

पदवी: डीएड किंवा बीएड एनसीटीईची मान्यता असलेल्या कॉलेजचं असेल, तर ते देशभर चालतं. निकाहानंतर नाव बदललं असेल, तर त्याचा सरकारी पुरावा आधीच तयार ठेवा.

टीईटी: पहिली ते आठवीसाठी ही परीक्षा २०१० पासून आवश्यक आहे. पण तेलंगणा किंवा कर्नाटकची टीईटी महाराष्ट्रातल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत धरली जात नाही. त्यासाठी महाराष्ट्राची टीईटी किंवा केंद्राची सीटीईटी लागते. सीटीईटी सीबीएसई घेते. पेपर १५० गुणांचा, पास व्हायला ६० टक्के. भाषांमध्ये उर्दू आणि मराठी दोन्ही आहेत. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं.

नोकरी: तिकडची सरकारी नोकरी इकडे बदलून मिळेल, असं धरून चालू नका. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी टेट ही वेगळी परीक्षा देऊन पवित्र पोर्टलवर अर्ज करावा लागतो. टीईटी आणि टेट यात गल्लत करू नका.

आरक्षण: माहेरच्या राज्याचा जातीचा दाखला इथे आरक्षणासाठी चालत नाही. अर्ज खुल्या प्रवर्गातूनच करावा लागतो.

"अल्पसंख्याक शाळेला टीईटी लागत नाही," असं अजूनही सांगितलं जातं. २०१४ च्या निकालामुळे तसं होतं. पण १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवला. त्या सवलतीच्या भरवशावर बसू नका.

मुलीवाल्यांना आमचं एकच सांगणं आहे. मुलगी बीएडच्या शेवटच्या वर्षाला असतानाच सीटीईटीचा फॉर्म भरायला लावा. सासर महाराष्ट्रात असेल, तर हे प्रमाणपत्र तिच्या उपयोगी पडेल.