‘ताप असल्यास घरी न्यावे’ : एका नियमाचा मागोवा



आपल्या मंडळाच्या बालवाडीच्या दारामागे नियमांची एक पाटी आहे. तिच्यावरचा चौथा नियम असा : ‘मुलाच्या अंगात ताप असल्यास त्यास ताबडतोब घरी न्यावे.’ गेल्या श्रावणात या एका ओळीवरून मासिक सभेत बराच वाद झाला, तो पुष्कळ जणींना आठवत असेल. एका मुलाचे अंग सकाळी दहाच्या सुमारास कढत लागले. बाईंनी निरोप धाडला. आई उसाच्या खुरपणीला गेलेली, फोन घरीच राहिलेला. अखेर चौथीतल्या थोरल्या बहिणीला वर्गातून उठवले आणि मूल तिच्या कडेवर दिले. नियम पाळला गेला. पण ती मुलगी दोन दिवस शाळेला मुकली, आणि तापलेले मूल दिवसभर नऊ वर्षांच्या पोरीच्या हवाली राहिले. हा नियम मुळात आला कोठून, असा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनात होता. स्मरणिकेच्या निमित्ताने तो थोडा धुंडाळला, ते येथे मांडते.

तापलेले मूल चार मुलांत सोडू नये, हे आपल्या आज्यांना कोणी पाटीवर लिहून दिले नव्हते. गोवर-कांजिण्या आल्या की दाराला कडुनिंबाचा डहाळा लागे, घरात फोडणी बंद होई, शेजारची मुले त्या उंबऱ्याला फिरकत नसत. त्यामागे देवीच्या कोपाची समजूत होती, पण मूल वेगळे राही हेही खरे. मात्र त्या घरात आजी असे, काकू असे, कोणी ना कोणी पायाशी बसलेले असे. वेगळे ठेवणे आणि एकटे टाकणे यांतला फरक त्या बायकांना कळत होता.

ताप ही सरकारने मोजायची गोष्ट झाली ती प्लेगात. तापमापक त्याआधीचा. इंग्लंडात ऑलबट नावाच्या डॉक्टरांनी 1866 च्या सुमारास खिशात मावेल असा आखूड तापमापक तयार करविला आणि जर्मनीत वुंडरलिख यांचा तापावरचा मोठा ग्रंथ 1868 साली निघाला. आपल्याकडे 1896 साली मुंबईत प्लेग शिरला, 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोगांचा कायदा झाला आणि रेल्वेने जाणाऱ्यायेणाऱ्यांस तपासण्याचा, संशयितांस अलग ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. आपले पाटस पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे, त्यामुळे या तपासण्या आपल्या लोकांच्या वाटेवरच्याच म्हणायच्या. काखेत, गळ्याशी हात लावून पाहत, अंग तापलेले दिसले की माणूस खाली उतरवून घेत. परक्या पुरुषाने बायकांच्या अंगाला हात लावावा यावरून केवढा क्षोभ झाला आणि 22 जून 1897 च्या रात्री पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली, हे आपण शाळेत शिकलोच आहो. ताप म्हणजे संशय, आणि संशय आला की माणूस उचलायचा, ही धास्ती तेव्हा लोकांच्या हाडात बसली.

त्याच प्लेगात, त्याच वर्षी, पुण्याजवळ आणखी एक घटना घडली. मुंढव्याला एका मुलाला प्लेगची गाठ आल्याचे सावित्रीबाई फुले यांना कळले. त्यांनी ते मूल पाठीवर घेतले आणि आपला मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात नेले. ते मूल जगले असे सांगतात. सावित्रीबाईंना मात्र लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. हे थोर काम आहे. बालवाडीच्या बाईंनी तसेच करावे असे मी म्हणणार नाही. पण तापलेल्या मुलाचे काय करायचे याला ‘येथून हलवा’ एवढे एकच उत्तर तेव्हाही नव्हते, म्हणून सांगितले.

आता पाळणाघरांकडे येते. पहिले पाळणाघर म्हणून पॅरिसचे नाव घेतात. 1844 साली मार्बो या गृहस्थांनी मजूर बायकांच्या तान्ह्या मुलांसाठी ते काढले. आया मधल्या वेळी येऊन पाजून जात. आजारी मूल तेथे घेत नसत. पुढे 6 जानेवारी 1907 रोजी रोममध्ये मॉन्टेसोरीबाईंनी ‘बालगृह’ उघडले. त्याच्याही भिंतीवर नियम होते आणि अस्वच्छ मुलास परत पाठविण्याची तंबी त्यांत होती. मात्र हे बालगृह मजुरांच्या चाळीतच भरे. परत पाठवायचे म्हणजे फार तर जिना चढायचा. नियम पुढे जगभर गेला, त्याच्याखालची चाळ काही बरोबर गेली नाही.

‘घरी’ म्हणजे काय असते, ते आपल्या मुंबईत दिसले. 1922 साली डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणीत काम करणाऱ्या बायकांची पाहणी केली, तेव्हा बहुतेक सगळ्या तान्ह्या मुलांना अफू चारली जात असल्याचे आढळले. त्या बाळगोळीवर मूल झोपून राही आणि आई पाळीला जाई. स्वातंत्र्यानंतर 1948 च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक बायका असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले. 1976 साली हा आकडा तीसवर आणला. शेतात खुरपणाऱ्या बाईला यांतले काहीच लागू नाही. रोजगार हमीच्या 2005 च्या केंद्रीय कायद्यात मात्र कामावर सहा वर्षांखालची पाच मुले आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी आणि तिला मजुरी द्यावी, अशी सोय आहे. आपल्या दुष्काळी तालुक्याला ती माहीत असलेली बरी.

माझ्या मते या प्रश्नाच्या सर्वांत जवळ पोहोचल्या त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. अनुताई तर आपल्या बाजूच्याच. 1910 साली मोरगावला जन्मल्या. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य, तरी त्या शिकल्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाईंनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, त्यात अनुताई त्यांना मिळाल्या. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात न्यावी, हा ताराबाईंचा विचार. आज घरोघर माहीत असलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथला. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सरकारची बालविकास योजना सुरू झाली, तिने तो गावोगाव नेला. पण मला महत्त्वाची वाटते ती कोसबादची विकासवाडी. 1957 साली काम कोसबादच्या टेकडीवर गेले. वारली मुली शाळेत का येत नाहीत, तर त्यांच्या कडेवर धाकटी भावंडे असतात. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. मूल पाळण्यात, बहीण शेजारच्या वर्गात. आपण श्रावणात नेमके याच्या उलट केले, हे वाचताना मला फार लागले.

ताप आला की साथ पसरेल, ही भीती खोटी नाही. पण वैद्यक आता जे सांगते ते ऐकण्यासारखे आहे. गोवराचे मूल पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून इतरांना लागण करू शकते. अंग कढत लागेपर्यंत शेजारच्या मुलाला जे व्हायचे ते बहुधा होऊन गेलेले असते. त्यापेक्षा लस खरी कामाची. गोवराची लस 1985 पासून सरकारी कार्यक्रमात आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे म्हणणे असे की, मूल हसतेखेळते असेल तर नुसत्या तापासाठी त्याला परत पाठवण्याचे कारण नाही. खेळेनासे झाले किंवा सांभाळणारीला आवरेनासे झाले तर पाठवावे. इंग्लंडात मात्र 38 अंश, म्हणजे 100.4 फॅरनहाइट ताप असेल तर तो उतरेपर्यंत घरी ठेवा म्हणतात. मोठमोठ्यांचे एकमत नाही, तर आपल्या सभेत वाद झाला यात नवल नाही! कोरोनानंतर शाळा उघडल्या तेव्हा कपाळावर ते पिस्तूल रोखून आकडा वाचत. उन्हातून आलेल्या मुलांचा आकडा ऐकून दारावरची माणसे गोंधळून जात, तेही आपण पाहिले आहे.

एका बाबतीत मात्र कोणाचे दुमत नाही. मूल पीत नसेल, घेतलेले सगळे ओकत असेल, झटका आला असेल किंवा गुंगीत असेल, तर घरी नव्हे, थेट दवाखान्यात. दोन महिन्यांखालच्या बाळाला ताप असेल तरीही तसेच. आपल्या पाटीवर यांतला एक शब्दही नाही.

म्हणून पुढच्या सभेत मी चौथ्या नियमाची दुरुस्ती मांडणार आहे. कोपऱ्यातली सतरंजी हलवून तेथे एक खाट, पाण्याचे भांडे आणि तापमापक ठेवावा. प्रवेशाच्या वेळी आईचा व आणखी एका मोठ्या माणसाचा फोन लिहून घ्यावा. थोरल्या भावंडाला वर्गातून उठवू नये. आई येईपर्यंत खाटेशी आपल्यातल्या दोघींनी पाळीने बसावे. सोमवार आणि गुरुवार मी घेते. बाकीच्या वारांसाठी नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत.