ज्यूदो

ज्यूदो : जपानी झुंजकला व ऑलिंपिक क्रीडाप्रकार. जिगोरो कानो (१८६०–१९३८) यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही संस्था स्थापून जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजविद्येतील डाव पारखून घेतले, घातक प्रहार मोकळ्या झुंजीतून वगळले आणि उरलेल्या विद्येला शिक्षणक्रमाचे रूप दिले. राहुरीसारख्या, यात्रेतील कुस्त्यांचा हगामा पाहत आलेल्या भागात ही अंगरखा घालून खेळलेली कुस्तीच वाटणे साहजिक आहे. साम्य खरेच आहे. कुस्तीतील धोबीपछाड आणि ज्यूदोतील सेओइ-नागे या दोन्ही डावांत प्रतिस्पर्ध्याला पाठीवरून उचलून आपटतात. तरीही ज्यूदोचे वेगळेपण कापडात आहे. ज्यूदोगी या जाड सुती पोशाखाची गळपट्टी व बाही हाती आली, की समोरच्याचा तोल आधी ढळवता येतो आणि फेक नंतर येते. मल्लाच्या घामेजल्या उघड्या अंगावर अशी पकड मिळत नाही. उलट, मल्लाचा हुकमी पट इथे नियमबाह्य ठरतो, कारण उभ्या झुंजीत पायांना हात घालण्यास २०१३ पासून पूर्ण मनाई आहे.

ज्यूदोत तंत्र बळावर मात करते, तर वजनगट कशाला, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये खुल्या गटात धिप्पाड डच खेळाडू अँटोन खेसिंक याने अकिओ कामिनागाला हरवले. पण खेसिंक जपानमध्येही शिकला होता, आणि त्याने अंतिम लढत जिंकली ती जमिनीवरच्या पक्क्या पकडीने. म्हणजे तंत्र वजनाला रद्द करत नाही. दोघांनाही तंत्र अवगत असेल, तेव्हा वजन पुन्हा बोलू लागते. लढतीच्या नियमांनुसार स्वच्छ, वेगवान फेकीने पाठ टेकवली किंवा वीस सेकंद दाबून धरले, की ‘इप्पोन’ मिळून लढत संपते. भारतात ज्यूदोचे शिक्षण १९२९ मध्ये रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून शिंझो ताकागाकी यांनी शांतिनिकेतनात दिले.