दोन तासांत पसरलेली अफवा: महाड, २० मार्च १९२७

चवदार तळ्याची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेला आलेले लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले, पाणी प्यायले आणि शांतपणे मंडपात परतले. पण त्याच दुपारी पुढे जे घडलं, ते बहुतेक पुस्तकांत एका ओळीत उरकतं. आज त्या ओळीबद्दल बोलू या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या कटकारस्थानाच्या गोष्टी समजून घ्यायला ती फार उपयोगाची आहे.

आधी एक लक्षात घ्या. तळ्यावर जाणं बेकायदा नव्हतं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्येच मंजूर केला होता, आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केलं होतं. म्हणजे ‘हे पाणी कसे प्यायले?’ याला कायद्यात उत्तर नव्हतं.

मग सुमारे दोन तासांनी गावात एक बातमी फिरली: हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. वीरेश्वर म्हणजे महाडचं ग्रामदैवत. बघता बघता लाठ्याकाठ्या घेतलेला जमाव जमला. परिषद संपली होती, कुणी जेवत होतं, कुणी गावी निघालं होतं. त्यांना मंडपात आणि रस्त्यात गाठून मारलं. काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. देवळात शिरायचा आमचा विचार नाही, असं बाबासाहेबांनी जमावातल्या लोकांना सांगितलंही, आणि आपल्या माणसांना हात उचलू दिला नाही. पण खुलाशाने मारहाण टळली नाही.

का टळली नाही? ही अफवा नीट बघा. ती घडलेल्या गोष्टीबद्दल नव्हतीच, ती मनातल्या हेतूबद्दल होती. ‘पाणी प्यायले’ हे तळ्यावर जाऊन तपासता येतं. ‘यांच्या मनात देऊळ आहे’ हे कसं तपासणार? नाही म्हणालात तर ‘बघा, लपवतायत’. कटाच्या प्रत्येक गोष्टीची ताकद इथेच असते.

दुसरं असं, की अफवेने भीती नव्याने तयार केली नाही. तळं बाटलं हा राग आधीच होता, पण त्याला कायद्याचा आधार नव्हता. देवळाच्या नावाने तो मिळाल्यासारखा झाला. आता हल्ला करणाऱ्याला आपण देव वाचवतोय असं म्हणता येत होतं.

आता ९१ वर्षं पुढे या. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. आधी असे मेसेज फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणायला घेतली. वेग कमी करणं गरजेचं होतंच. पण महाडच्या जमावाच्या हातात मोबाईल नव्हता. परक्या, दुबळ्या माणसाच्या साध्या कृतीमागे छुपा डाव बघायची सवय फोनच्या आधीची आहे.

अफवा खोटी ठरली म्हणून तिचा परिणाम पुसला जात नाही, हेही महाडच सांगतं. देवळात कुणी शिरलं नाही, तरी शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून तळ्याची ‘शुद्धी’ झाली. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला जुना ठरावच मागे घेतला. तळ्यावर अस्पृश्यांना बंदी ही अनादी रूढी आहे, असा दावा कोर्टात गेला. तिथे मात्र पुरावा लागतो. मुंबई हायकोर्टाने ती रूढी सिद्ध होत नाही असा निकाल दिला, तो मार्च १९३७ मध्ये.

तेव्हा पुढचा मेसेज आला की एवढंच बघा: त्यात काय घडलं ते सांगितलंय, की कुणाच्या मनात काय आहे ते?