मोटारीच्या पाठीवरचा पंख

1956 च्या मे महिन्यात जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगवर हजार किलोमीटरच्या शर्यतीचा सराव चालू होता. त्यात उतरलेल्या एका पोर्शे 550 वर, चालकाच्या डोक्याच्या वर, पत्र्याचा आडवा पंख बसवलेला होता. तो बसवणारा मिखाएल मे हा विशीतला स्विस इंजिनिअर. विमानाचा पंख विमानाला उचलतो, मग तोच उलटा बसवला तर गाडीला खाली दाबेल, असा त्याचा सरळ हिशेब. बसल्या जागेवरून पंखाचा कोन बदलण्याची सोयही त्यानं केली होती. आयोजकांनी पंख लावून शर्यतीत उतरायला परवानगी दिली नाही. मागच्या चालकांना समोरचं दिसणार नाही, हे कारण पुढे आलं. पंख उतरवला गेला आणि जवळजवळ दहा वर्षं मोटारींच्या जगात त्याची कुणी दखल घेतली नाही.

आज रस्त्यावरच्या एखाद्या स्पोर्ट्स कारला छपराएवढा उंच पंख, फुगवलेली मडगार्डं आणि जमिनीला टेकेल असा पुढचा ओठ दिसला की बघणाऱ्यांचे दोन तट पडतात. एकाला वाटतं, मूळ रेखाटन करणाऱ्याच्या कामाची माती केली. दुसरा म्हणतो, गाडी त्याची, पैसा त्याचा. दोघंही बोलतात ते आवडीनिवडीबद्दल. मला मात्र वाटतं की हा पंख कुठून आला, कशासाठी आला आणि रस्त्यावर कोणत्या वाटेनं उतरला, हे पाहिलं तर या वादाचा बराचसा निकाल लागतो.

आधी मूळ अडचण. गाडीचा आकार खालून सपाट आणि वरून कमानदार असतो. वेगात असताना वरच्या कमानीवरून जाणारी हवा जोरात धावते, तिथला दाब उतरतो आणि गाडी वर ओढली जाते. कोकणात वादळात घराचे पत्रे उचलले जातात ते याच कारणानं. हे बल वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतं. वेग दुप्पट झाला की उचल चौपट. त्यामुळे गावात शहाण्यासारखी वागणारी गाडी दोनशेच्या वेगाला मागून हलकी होते आणि वळणावर शेपूट सोडते. या नियमाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: दोनशेच्या वेगाला 40 किलोचा दाब देणारा पंख शंभरला 10 किलो देतो आणि पन्नासला अडीच.

याच अडचणीवर अनेकांनी आपापल्या परीनं हात चालवला होता. 1928 मध्ये बर्लिनच्या आव्हुस रस्त्यावर फ्रिट्झ फॉन ओपेलनं 24 अग्निबाण लावलेली राक-2 ही गाडी ताशी 238 किलोमीटरनं पळवली, तेव्हा ती जमीन सोडू नये म्हणून दोन्ही बाजूंना पंख होते. 1961 मध्ये फेरारीच्या चाचण्यांमध्ये चालक रिची गिंथरबरोबर काम करताना शेपटीवर एक उभी पट्टी लावली गेली आणि गाडी मागून स्थिर झाली. हा स्पॉयलर. तो पंखापेक्षा वेगळा. स्पॉयलर अंगाला चिकटून असतो आणि अंगावरून वाहणाऱ्या हवेची वाट बिघडवून उचल कमी करतो. पंख अंगापासून दूर, मोकळ्या हवेत उभा राहतो आणि स्वतःच खाली दाब निर्माण करतो. बाजारात दोन्ही नावं सरमिसळ वापरली जातात, पण पुढच्या कहाणीत हा फरक लागणार आहे.

पंखाला खरी प्रतिष्ठा दिली टेक्सासमधल्या मिडलंडच्या जिम हॉलनं. 1966 मधली त्याची चॅपरॅल 2ई मला आजही या सगळ्या कुळातली सर्वांत बुद्धिमान गाडी वाटते. तिचा पंख उंच खांबांवर होता आणि ते खांब गाडीच्या अंगावर न उभारता थेट मागच्या चाकांच्या हबवर टेकवलेले होते. म्हणजे दाब स्प्रिंगांना न दडपता सरळ टायरवर. शिवाय तिच्या गिअरबॉक्सला क्लचचं पेडल लागत नव्हतं, त्यामुळे डावा पाय मोकळा. त्या पायाखाली हॉलनं पंखाचं पेडल दिलं. सरळ रस्त्यावर पेडल दाबलं की पंख आडवा होऊन हवा कापायचा, वळणाआधी पाय उचलला की पुन्हा कलता व्हायचा. दाब हवा तेव्हा दाब, नको तेव्हा नाही. त्याच वर्षी फिल हिलनं लगुना सेकाची शर्यत या गाडीवर जिंकली.

मग अनुकरणाची लाट आली. 1968 मध्ये बेल्जियमच्या शर्यतीत फेरारी आणि ब्रॅबमच्या गाड्यांना पंख दिसले आणि वर्षभरात फॉर्म्युला वनमध्ये बारीक काटक्यांवर डुलणाऱ्या उंच पंखांचं रान माजलं. कल्पना हॉलची होती, पण त्याच्याइतकी काळजी प्रत्येकानं घेतली नव्हती. 4 मे 1969 रोजी बार्सिलोनातल्या मोंजुइक बागेतल्या शर्यतीत लोटसच्या ग्रॅहम हिलचा पंख मोडला आणि गाडी कठड्यावर आदळली. काही फेऱ्यांनंतर जवळजवळ त्याच जागी त्याचा सहकारी योखेन रिंट याचाही पंख मोडला. त्याची गाडी हिलच्या मोडक्या गाडीवर जाऊन आपटली आणि तो जखमी झाला. दोन आठवड्यांनी मोनाकोत सराव सुरू झाल्यावर उंच पंखांवर बंदी आली. पुढे पंख परतला तो ठेंगणा होऊन, गाडीच्या अंगाला घट्ट बांधलेला. पंखाचं बळ जितकं मोठं, तितका तो निखळल्यावरचा घातही मोठा, हे जगातल्या सर्वांत जाणत्या इंजिनिअरांनाही भर शर्यतीत कळलं. गल्लीतल्या गॅरेजमध्ये डिकीच्या पातळ पत्र्याला चार स्क्रू मारून पंख बसवला जातो, तेव्हा मला मोंजुइक आठवतं आणि मनापासून काळजी वाटते.

हा शर्यतीचा अवयव रस्त्यावर कसा आला? चालकांनी मागितला म्हणून नव्हे. नियमपुस्तकानं आणला म्हणून. ज्या शर्यतींत विक्रीतल्या गाड्याच पळवायच्या असतात, तिथे अट असते की जे शर्यतीत लावायचं ते ठरावीक संख्येनं बनवून ग्राहकाला विका. अमेरिकेत 1969 ची डॉज चार्जर डेटोना आणि 1970 ची प्लिमथ सुपरबर्ड या अटीतून जन्मल्या: टोकदार नाक आणि मागे दोन उभ्या खांबांवर कमरेच्या वर जाणारा पंख. मार्च 1970 मध्ये बडी बेकरनं टॅलाडेगाच्या बंदिस्त मार्गावर डेटोना ताशी 200 मैलांच्या पलीकडे नेली. शर्यतीत एवढा पराक्रम, आणि दुकानात मात्र सुपरबर्ड धूळ खात पडली. काही विक्रेत्यांनी पंख आणि नाक उतरवून ती साधी रोडरनर म्हणून विकली. हाच तो आपला वाद, आणि तो पहिल्यांदा झाला गाडी बनवणारा आणि गाडी विकणारा यांच्यातच.

युरोपात 1973 मध्ये बीएमडब्ल्यूनं 3.0 सीएसएलसाठी पंखांचा संच काढला. जर्मनीच्या रस्त्यावर तो लावून फिरण्याची मुभा नव्हती, म्हणून तो डिकीत ठेवून गाडी ग्राहकाच्या हाती दिली जाई. नंतर तो कुणी, कुठे लावायचा हे ज्याचं त्यानं पाहायचं. कारखान्यानंच दिलेला, पण मालकानं बसवायचा, असा हा पंख.

या सगळ्यांत रस्त्यासाठी सर्वांत प्रामाणिकपणे घडलेला अवयव मी पोर्शे 911 कॅरेरा आरएस 2.7 चा मानतो. 911 चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. वजन मागे लोंबतं आणि वेगात मागचीच बाजू उचलली जाते. वळणावर अचानक शेपूट मारण्याची तिची ख्याती त्यातून आली. पोर्शेचे प्रमुख एर्न्स्ट फुरमान यांच्या काळात टिलमन ब्रोडबेक आणि हेर्मान बुर्स्ट या अभियंत्यांनी स्टुटगार्ट विद्यापीठाच्या वातबोगद्यात या शेपटीवर काम केलं. थोडं वाढव, तपास, पुन्हा वाढव, या क्रमानं ती कड उंच होत गेली. हवेच्या रोधानं वेग खायला लागण्याच्या आत थांबायचं, हे त्यांचं सूत्र. हाती आली ती इंजिनाच्या झाकणावरची वर वळलेली कड. बदकाच्या शेपटीच्या नावानं ती प्रसिद्ध झाली. 5 ऑगस्ट 1972 ला तिच्या पेटंटसाठी अर्ज दाखल झाला. मागची उचल उतरलीच, वर कमाल वेगही सुमारे साडेचार किलोमीटरनं वाढला. ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात गाडी मांडली तेव्हा नियमापुरत्या 500 खपवायच्या होत्या. नोव्हेंबर संपेपर्यंत त्या संपल्या आणि शेवटी 1,580 बनल्या.

या गाडीत शेपूट एकटं नाही, ही गोष्ट तिची नक्कल करणाऱ्यांच्या नजरेतून बहुतेक वेळा सुटते. पुढे खालचा ओठ आहे, मागची चाकं पुढच्यापेक्षा इंचभर रुंद आहेत आणि ती झाकायला मडगार्डं तेवढीच फुगवली आहेत. मागे दाब वाढवला की पुढचं नाक हलकं होतं, कारण मागच्या आसाच्याही मागे दिलेला दाब तरफेसारखा पुढची बाजू उचलतो. म्हणून पुढच्या ओठाशिवाय मागचं शेपूट ही अर्धवट दुरुस्ती ठरते.

दोनच वर्षांत, 1974 मध्ये, 911 टर्बोवर रबरी कडांचं रुंद, आडवं शेपूट आलं, आणि तिथून पंख हे श्रीमंतीचं चिन्ह बनायला लागला. या बदलाचा नमुना म्हणजे लॅम्बोर्गिनी काउंटाच. कॅनडातले तेल-व्यावसायिक वॉल्टर वुल्फ यांनी 1975 मध्ये आपल्यासाठी खास काउंटाच बनवून घेतली. तिला फुगीर मडगार्डं होती आणि मागे मोठा पंख. पुढे कारखान्यानं हाच थाट विक्रीला आणला आणि पंख ऐच्छिक ठेवला. त्या पंखानं गाडीचा कमाल वेग ताशी सुमारे 16 किलोमीटरनं घटत असे आणि काउंटाचची खरी अडचण तर पुढचं हलकं नाक ही होती! तरी ऐंशीच्या दशकात मुलांच्या खोल्यांत लागलेली पोस्टरं पंखवाल्या काउंटाचची होती. आजच्या टोकाच्या मॉडिफिकेशनचा वंश इथून सुरू होतो असं मला वाटतं: जिथे आकार गरजेपासून सुटला आणि तरीही मनं जिंकत राहिला.

मॉडिफिकेशनलाच विरोध करणाऱ्यांनी मात्र अलोइस रूफ यांची 1987 मधली पिवळी सीटीआर पाहावी. बव्हेरियातल्या फाफेनहाउझेनच्या या कारागिरानं 469 अश्वशक्तीचं इंजिन बसवताना 911 टर्बोची रुंद बॉडी नाकारली आणि साध्या कॅरेराची अरुंद बॉडी घेतली, कारण रुंद मडगार्डं हवेला आडवी येतात. छपरावरच्या पावसाच्या पन्हाळ्या काढून टाकल्या. एरा-लेसीनच्या चाचणीमार्गावर ती ताशी 339 किलोमीटरनं धावली आणि तिनं त्या वर्षीच्या नामांकित गाड्यांना मागे टाकलं. याहून टोकाचा बदल कोणता? पण अनोळखी माणसाला ती नेहमीची 911 वाटते.

दुसऱ्या टोकाला जपानमधल्या चिबा प्रांतातले अकिरा नाकाई. जुन्या 911 ची मडगार्डं ते हातातल्या करवतयंत्रानं, नजरेच्या अंदाजानं कापतात आणि त्यांवर कितीतरी रुंद मडगार्डं व उंच पंख बसवतात; परदेशी ग्राहकाकडे स्वतः जाऊन. या आकाराचं मूळही नियमपुस्तकात आहे. 1976 च्या ग्रुप 5 शर्यतींच्या नियमांत छप्पर, दारं आणि बॉनेट मूळ गाडीचं ठेवायचं होतं, मडगार्डांना मोकळीक होती, आणि पोर्शे 935 नं ती पुरेपूर वापरली. नाकाई आपल्या गाड्या मोटेगीच्या शर्यतमार्गावर तासन् तास पळवतात, त्यामुळे त्यांच्या हातचा पंख नुसता शोभेचा म्हणणं अन्याय होईल. माझा आक्षेप कापण्याला आहे. हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाची 911 बनणं 1998 मध्ये थांबलं. त्या गाड्यांचा मूळ पत्रा एकदा कापला की परत येत नाही, आणि पुढच्या मालकाच्या हाती निवड उरत नाही. स्क्रूनं लावलेला पंख उद्या काढता येतो.

आपल्याकडे हा प्रश्न आरटीओच्या दारात जातो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीतल्या तपशिलांना धक्का लावणाऱ्या बदलांना मनाई करतं, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल केलेल्या गाडीची नोंदणी होऊ शकत नाही, असा अर्थ लावला. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींची मर्यादा ताशी 100 आहे. म्हणजे वर सांगितलेला वर्गाचा हिशेब आपल्या रस्त्यांवर पंखाला काम करायला फारशी जागाच ठेवत नाही. मला खर्च करायचा झाला तर तो चांगल्या टायरांवर आणि ब्रेकवर करावा असं वाटेल. त्यांचा गुण भर पावसात, चाळीसच्या वेगालाही मिळतो.

पोर्शेनं स्वतः या वादाचं उत्तर दोन गाड्यांत दिलं आहे. 2022 ची 911 जीटी3 आरएस: तिच्या पंखाचं वरचं पातं छपराच्याही वर जातं, सरळ रस्त्यावर ते हॉलच्या पंखासारखंच आडवं करता येतं, आणि ताशी 285 किलोमीटरला गाडीवर 860 किलोचा दाब येतो. दुसरी जीटी3 टुरिंग: तोच वंश, पण उभा पंख नाही, फक्त वेगात आपोआप वर येणारी पट्टी. 2017 पासून कारखाना ती मुद्दाम रस्त्यावर फिरणाऱ्यांसाठी बनवतो. आरएसचं इंजिन 525 अश्वशक्तीचं, त्या वेळच्या टुरिंगचं 510. जास्त ताकदीची आरएस ताशी 296 ला थांबते आणि पंख नसलेली टुरिंग 320 गाठते. शर्यतमार्गाच्या फेरीत मात्र आरएस तिला सहज मागे टाकते, कारण तिथे वेळ वळणांवर वाचतो.